हरणीची खांदेमळणी

मित्रांनो, जालना जिल्ह्यातल्या मंठ्याला आमच्या घरापुढे एक मोठा लिंब आहे. त्याच्या सावलीत उभी असलेली पांढरी छोटी चारचाकी म्हणजे मी. माझं मागचं दार वर उघडतं. पुढे दोन आणि मागे तीन माणसं बसतात, आणि घरात लग्नाची घाई असली तर नऊ. माझं वय पंधराच्या वर गेलं आहे. तुमच्या हिशेबाने मी ताई, पण गाड्यांच्या हिशेबाने मी आजी. कागदावर माझं नाव काही अक्षरं आणि काही आकडे असं आहे. घरात मला हरणी म्हणतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. मी पट्ट्यावरून हळूहळू पुढे सरकत होते. कोणी दार बसवलं, कोणी काच, कोणी चाक. प्रत्येकाने आपलं एक काम केलं आणि मला पुढच्याच्या हाती दिलं. त्यामुळे माझी आई कोण ते मला सांगता येत नाही. इतकंच सांगते की माझ्या अंगावर शेकडो माणसांचे हात फिरलेले आहेत.

तिथून मी जुन्या जालन्यात वामनरावांकडे आले. ते विम्याच्या कचेरीत नोकरीला होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी धान्याची ठोक दुकानं होती. सकाळी हमाल पोती उतरवू लागले की वाट बंद होई. दोन रिक्षा समोरासमोर आल्या की दोघींपैकी एकीला सगळ्या सामानासकट मागे जावं लागे. वामनराव माझे दोन्ही आरसे मिटवून, श्वास धरून मला बाहेर काढत. माझा वेग त्यांनी कधी साठाच्या वर जाऊ दिला नाही.

त्यांनी माझ्या सीटांवरचं प्लास्टिकही दोन वर्षं काढलं नव्हतं.

"अहो, आता तरी काढा ते," उमाताई म्हणत. "उन्हाळ्यात पाठ चिकटते माझी."

"राहू दे गं. सीट खराब होईल."

"आणि पाठ खराब झालेली चालेल?"

शेवटी उमाताईंनीच एका रविवारी कात्री घेतली आणि ते सगळं फाडून काढलं. वामनराव दोन दिवस सीटवर टॉवेल घालून बसले. पण मित्रांनो, त्यांच्यासारखी निगा पुढे कित्येक वर्षं माझी कोणी राखली नाही. दर रविवारी सकाळी ते झाकण उघडून तेल बघत, पाणी बघत, चाकांना हात लावून हवा बघत. कधी तेल बदललं त्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती दाराच्या आतल्या बाजूला चिकटवत. गाडीने तक्रार करायच्या आधी आपण तिला विचारावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

सहा वर्षांनी त्यांच्या मुलाने, ऋषीने, दोघांना पुण्याला बोलावून घेतलं. मला मंठ्याच्या कल्याणने विकत घेतलं. किल्ली देताना वामनराव म्हणाले, "एक लक्षात ठेवा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. कूलंटच घाला." कल्याणने मान हलवली. पण तेव्हा तो माझं मागचं दार उघडून आत बियाण्याच्या किती पिशव्या बसतील ते बघत होता.

मंठ्यात मी कामाला लागले. सरकीच्या पिशव्या, खताची पोती, स्प्रेचे पंप, लग्नातले रुखवत आणि त्यांच्यावर बसलेली पाहुणे मंडळी. कल्याण मनाने वाईट नव्हता. त्याचा हात ट्रॅक्टरवर बसलेला, म्हणून तो मला लहान ट्रॅक्टर समजत होता. पाणी कमी झालं की तो बोअरची नळी धरी आणि रेडिएटर भरून टाकी. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ते मी दोन उन्हाळे प्याले. तिसऱ्या उन्हाळ्यात भर रस्त्यात माझ्या तोंडातून वाफ निघाली आणि मी थांबले.

मला ट्रॅक्टरला बांधून बाजारतळाजवळच्या संघपाल मिस्त्रींच्या गॅरेजात आणलं. मिस्त्रींनी रेडिएटर उघडला आणि हातात धरून कल्याणला दाखवला. आत पांढरा थर जमला होता, जुन्या चहाच्या पातेल्यात जमतो तसा.

"कल्याणभाऊ, काय पाजून राह्यले हिला?"

"पाणीच."

"कुठलं?"

"बोअरचं. ट्रॅक्टरला तेच घालतो की मी."

"ट्रॅक्टरचं रेडिएटर म्हंजे रांजण. हिचं म्हंजे चहाची गाळणी. गाळणीत कोणी चुना वतंल का?"

त्या दिवशी माझं इंजिन खोलावं लागलं. कल्याणने सगळं करून घेतलं आणि वामनरावांचं वाक्य त्याला तेव्हा ऐकू आलं. तेव्हापासून माझ्या पोटात हिरवं कूलंट आहे.

पुढे कल्याणला माझा नाद लागला. पण तो नाद दिसण्याचा होता. त्याने मला निळे दिवे लावले, बसचा वाटावा असा हॉर्न बसवला, आणि परभणीहून जाळीची चकचकीत चाकं आणली. आधीच्या चाकांवर पूर्ण झाकणं होती. ह्या नव्या चाकांच्या जाळीतून आतलं सगळं दिसे, हात घातला तर हातही जाई. गावातली माणसं थांबून बघत. संघपाल मिस्त्रीही बघत आणि म्हणत, "भाऊ, आधी थांबायचं बघावं, मंग पळायचं, मंग नटायचं. तुम्ही उलट्या बाजूनं सुरू केलं." कल्याण हसण्यावारी नेई.

मग त्याने मालासाठी मोठी गाडी घेतली आणि मी लिंबाखाली उभी राहिले. दोन वर्षं. माझ्या मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातली. उंदरांनी वायरी कुरतडल्या. टायर बसले. साळूबाई माझ्या टपावर वाळवणाची चादर पसरत, तेवढाच माझा उपयोग. साळूबाई म्हणजे कल्याणची आई. मला त्यांचा राग नाही. उभ्या गाडीला कोणीतरी कशाला तरी हात लावतं, हेही तिला बरं वाटतं.

मला उठवलं ते मीनाने. मीना ही कल्याणची बायको. ती परीक्षा देऊन अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका झाली. चोवीस अंगणवाड्या तिच्याकडे आल्या, आणि त्यातल्या निम्म्या गावांना दिवसातून एकदा एसटी. सकाळी गेलेली एसटी संध्याकाळीच परत. मीना महिन्यात सगळ्या गावांना पोचूच शकत नव्हती.

एका सकाळी तिने माझ्या सीटवरची कोंबडी हुसकली आणि कल्याणला म्हणाली, "ही मला चालवायला द्या."

"ही? हिच्यात आता कोंबड्याच बसतील," कल्याण म्हणाला. "आणि तुला कुठं येती गाडी?"

"शिकन."

ती शिकवणीला गेली आणि लायसन काढून आली. पण शिकवणीच्या गाडीत गुरुजींच्या पायाखालीही ब्रेक असतो. एकटीने रस्त्यावर जायची तिला भीती वाटे. कल्याणला वेळ नव्हता. तेव्हा तिचे सासरे रखमाजी पुढे आले. रखमाजींना गाडी चालवता येत नव्हती. पण चाळीस वर्षं बैलगाडी हाकलेली, त्यामुळे वळण कधी घ्यायचं, चढावर केव्हा दम धरायचा, हे त्यांच्या अंगात होतं. ते रोज सकाळी फेटा बांधून तिच्या शेजारी बसत.

"दम धर… दम धर… श्वास घिऊ दे तिला. हां, आता सोड."

सासरा सुनेशेजारी गाडीत बसून फिरतो, ह्याची गल्लीत थट्टा झाली. शेजारच्या कांताबाई दारातून ओरडल्या, "काय रखमाजीबापू, कंडक्टर झाले का?"

"व्हय. आधी तिकीट काढ, मंग बोल!"

माझं हरणी हे नावही त्यांनीच तेव्हा ठेवलं. घरच्या शेवटच्या बैलजोडीला विकून तेव्हा तीन वर्षं झाली होती. ट्रॅक्टर आला, बैलांना काम उरलं नाही. गोठा रिकामा झाला तरी ते पहाटे उठून गोठ्याकडे जात, दारात उभे राहत आणि परत येत. आता ते माझ्याकडे येऊ लागले. माझ्या पत्र्यावर हात फिरवत, थाप मारत, फडक्याने काच पुसत. मला त्यांच्या हाताची सवय झाली.

हे फिरणं सुरू होण्याआधीच संघपाल मिस्त्रींनी माझं काम केलं होतं, आणि ह्या वेळी त्यांच्या क्रमाने. आधी ब्रेक. मग क्लच, मग रबरी नळ्या, मग बॅटरी. निळे दिवे काढून साधे बसवले. मागच्या सीटला पट्टे नव्हते, ते लावले. पुढे, अंगणवाडीच्या अंगणात मी वळू लागले की लहान मुलं माझ्या मागे धावत येतात, हे मीनाने सांगितल्यावर मिस्त्रींनी मागे छोटा कॅमेरा बसवला. आता मागे कोण आहे ते तिला पुढे पडद्यावर दिसतं. मित्रांनो, माझ्या अंगावर आजवर जे जे नवं चढलं, त्यात मला ह्या कॅमेऱ्याचा सगळ्यात अभिमान आहे.

चार वर्षं आम्ही दोघी हिंडलो. मीना मुलांच्या वजनाचा काटा माझ्या डिकीत ठेवी. गावात पोचलो की मुलं "गाडीवाल्या मॅडम आल्या" असं ओरडत. एका वस्तीवरचा लहानगा महिन्यामागून महिना वजनात मागेच राहत होता. मीना त्याच्यासाठी पंधरवड्यातून दोनदा जाऊ लागली आणि एकदा मीच त्याला आणि त्याच्या आईला दवाखान्यात नेलं. आता तो माझ्या मागे धावणाऱ्यांत पुढे असतो.

आणि मग माझी पंधरा वर्षं भरली.

पंधरा वर्षं झाली की गाडीला परीक्षा द्यावी लागते. आरटीओच्या मैदानात साहेब तपासतात. ठीक असेल तर आणखी पाच वर्षांची परवानगी मिळते. नसेल तर गाडी भंगारात. आमच्या जालन्यात पोलादाचे मोठे कारखाने आहेत. तिथे भंगार भट्टीत वितळवतात आणि त्याच्या सळया होतात. सळई होण्यात कमीपणा नाही. कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये जाऊन बसायचं, पाऊस थोपवायचा. पण सळईला रस्ता नसतो.

कल्याणचं मत ठरलेलं होतं. "पंधरा वर्षं बिलकुल बास झाली. दर दोन महिन्यांनी काही तरी खर्चा निघतो. रस्त्यात बंद पडली, वस्तीवर एकटी अडकली, मंग? मी सोडत जाईन तुला मोटारसायकलवर."

"तुम्ही कधी मोकळे असता?" मीना म्हणाली. "ही गेली तर मी तालुक्याच्या कचेरीत टेबलाचं काम मागून घेईन. लांबच्या वस्त्या मंग कोणीच बघणार न्हाई, सांगून ठेवते."

दोन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. शेवटी कल्याणने शब्द दिला. "एकदा नेऊ. एकदाच. पास झाली तर तुझी. नापास झाली तर मंग रडारड करायची न्हाई, तिथूनच भंगारवाल्याला फोन."

"बराबर," मीना म्हणाली.

मिस्त्रींनी मला आठ दिवस ठेवून घेतलं. पुढच्या ब्रेकला नवे पॅड घातले, दिव्यांच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून स्वच्छ केल्या, हॉर्न साधा केला. मला घेऊन मैदानात फिरले, गच्चकन ब्रेक दाबून बघितला. मी रेघेसारखी सरळ थांबले. "डोळे झाकून न्या, वहिनी," ते म्हणाले.

परीक्षेची तारीख पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची निघाली.

आता खांदेमळणी म्हणजे काय ते तुमच्यातल्या शहरातल्या मित्रांना सांगते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू ओढून खांदा टणक झालेला असतो. त्याला तूप आणि हळद चोळतात, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. रखमाजींनी हे पन्नास वर्षं केलं होतं. बैल गेल्यापासून त्या संध्याकाळी ते अंथरुणावर पडून राहत, दिवाही लावू देत नसत.

ह्या वर्षी मात्र दिवेलागणीला ते हातात वाटी घेऊन माझ्याकडे आले. वाटीत तूप आणि हळद.

साळूबाई ओट्यावरून बघत होत्या. "आवं, कुठं निघाले तूप घिऊन?"

"खांदेमळणी हाय आज."

"कोणाची? लिंबाची?"

"हरणीची. परवा परीक्षा हाय तिची."

"हरणी म्हंजे गायीचं नाव! बैलाचा सण हाय हा."

"वढती ना? वढंल तो बैल."

साळूबाई हसून आत गेल्या. रखमाजी माझ्याभोवती दोनदा फिरले. त्यांना माझा खांदा सापडत नव्हता. टपावर हात ठेवला, तो गुळगुळीत. पुढच्या झाकणावर ठेवला, तिथेही ओझ्याची खूण नाही. मग ते डाव्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. चाकाच्या जाळीतून आत एक लोखंडी तबकडी दिसत होती. त्यांनी हात घातला. बोटांना ती कोरडी लागली, घासलेली, रेघारेघांची. ओझं घेऊन घेऊन झिजलेल्या बैलाच्या खांद्यासारखी. त्यांचा चेहरा उजळला.

"हितं व्हय," ते पुटपुटले.

मित्रांनो, ती माझ्या ब्रेकची तबकडी होती. पाय दाबला की पॅड तिला दोन्हीकडून घट्ट धरतात, म्हणून मी थांबते. ती कोरडी असायलाच हवी. मला हे ठाऊक होतं. पण गाडीला हॉर्न असला तरी तो दुसऱ्याच्या हातात असतो. आणि खरं सांगू? इतक्या मायेने मला कोणी कधी चोळलं नव्हतं. त्यांनी अर्धी वाटी तूप बोटांनी जिरवलं. तबकडीला लावलं, तिच्या आजूबाजूला लावलं. उजव्या बाजूला मी भिंतीला खेटून उभी होते, तिथे त्यांना बसता आलं नाही. उरलेलं तूप त्यांनी डाव्याच चाकाला लावून टाकलं आणि हात जोडले.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाया या."

पोळ्याच्या दिवशी बैलाला कामाला लावत नाहीत, म्हणून मलाही कोणी सुरू केलं नाही. मीनाने मला बादलीभर पाण्याने धुतलं, पण तूप पाण्याने जात नाही. रखमाजींनी झेंडूचं तोरण बांधलं, आणि माझ्यापुढे पुरणपोळीचं ताट ठेवलं. ती नंतर कुत्र्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जालन्याला निघालो. मीना चालवत होती, शेजारी कल्याण, मागे रखमाजी. "तुम्ही कशाला?" असं कल्याणने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बैल बाजारात न्यायचा तर धन्यानं जावंच लागतं."

थोडं पुढे गेल्यावर मीनाने ब्रेक दाबला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मी उजवीकडे ओढ घेतली होती. उजवं चाक थांबत होतं आणि डावं घसरत होतं. वाटूर फाट्याजवळ शेळ्यांचा कळप अचानक रस्त्यावर आला. मीनाने जोरात ब्रेक दाबला आणि मी सरळ थांबायचं सोडून उजवीकडे, समोरून येणाऱ्या ट्रककडे वळले. मीनाने दोन्ही हातांनी मला आवरलं, गिअर खाली टाकला, हातब्रेक ओढला. मी ट्रकपासून दोन हातांवर थांबले. ट्रकवाला काय बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही.

 मग कल्याण म्हणाला, "बघितलं? म्हणत होतो का न्हाई? म्हातारी झाली ही."

"परवा तर बराबर थांबत होती," मीना म्हणाली. 

तेवढ्यात गाडीत वास पसरला. तापलेल्या तुपाचा, खमंग. कल्याणने काच खाली केली. "इथं रानात कोण तूप कढवून राह्यलं?"

मागच्या सीटवर रखमाजींनी उजवा हात नाकाशी नेला. नखांत अजून पिवळी हळद होती. त्यांनी हात खाली घेतला आणि धोतराच्या घडीत लपवला. पुढे जालन्यापर्यंत ते बाहेर बघत राहिले. मीनाने मला अगदी हळू, कडेकडेने नेलं.

आरटीओच्या मैदानात साहेबांनी दिवे बघितले, हॉर्न वाजवला, नंबर जुळवला. सगळं ठीक होतं. मग ते स्वतः बसले, थोडा वेग घेतला आणि ब्रेक दाबला. मी पुन्हा उजवीकडे ओढ घेतली. त्यांनी दुसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. उतरून त्यांनी मान हलवली.

"ब्रेक एका बाजूला ओढतोय. अशी गाडी रस्त्यावर कशी सोडू? नाही होणार पास."

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही मला नापास केलं असतं.

मीना माझ्या दाराला टेकून उभी राहिली. तिने एकदा डोळे पुसले आणि आत वाकून काचेसमोरचा चोवीस गावांच्या नावांचा कागद काढून घडी घालू लागली. कल्याणने खिशातून फोन काढला. त्यालाही बरं वाटत नव्हतं, मला दिसत होतं. पण शब्द शब्द होता. बाहेरच्या रस्त्यावरून भंगाराचा एक ट्रक चालला होता, आणि त्यात माझ्यासारखीच एक पांढरी गाडी, दारं नसलेली, आडवी पडली होती.

मागच्या सीटचं दार उघडून रखमाजी खाली उतरले. आसपासच्या दहा गावांत जनावराला काही झालं तर माणसं त्यांना विचारायला येत. आपल्या हाताने जनावराला इजा झाली, असं त्यांना जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. ते माझ्या डाव्या चाकापाशी बसले, जाळीतून हात आत घातला आणि बोट बाहेर काढून सगळ्यांसमोर धरलं. बोट पिवळं आणि ओशट होतं.

"साहेब," ते म्हणाले, "हिच्यात खोट न्हाई. हे माझं काम हाय."

"काय आहे हे?" साहेबांनी वाकून बघितलं.

"तूप. खांदेमळणी केल्ती मी तिची."

 मग शेजारच्या रिक्षावाल्याला हसू आवरेना. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. कल्याण मात्र हसला नाही.

"आबा, तुम्ही डिस्कला तूप लावलं?"

"मला काय ठाऊक डिस्क का फिस्क! खांदा वाटला मला."

"वाटूरलाच सांगायचं की, मामा," मीना म्हणाली. "ट्रकखाली गेल्तो आपण."

"सांगणार व्हतो, बाई. जीभ उचलली न्हाई."  "पन्नास वर्षं जनावरं सांभाळली अन् आज… आता काय बोलायचं ते बोला मला. पण तिला भंगारात घालू नका. माझ्या मूर्खपणाची शिक्षा तिला नको, अन् बाई, तुला तर बिलकुल नको."

कल्याण चाकाकडे बघत होता. ती जाळीची चाकं त्याने हौसेने बसवली होती. आधीची झाकणं असती तर आबांचा हात आत गेलाच नसता. हे त्याच्या ध्यानात आलं, कारण तो एकदम म्हणाला, "हात आत जायला वाट तर मीच केली." मग साहेबांकडे वळला. "साहेब, हे काढून आणलं तर?"

"तूप काढा, नवे पॅड घाला आणि आणा. चारपर्यंत मी इथंच आहे."

"आपला शब्द एकदाच नेण्याचा व्हता," मीना हळूच म्हणाली. तिला उपकार नको होता.

"गाडीची परीक्षा कुठं झाली अजून? तुपाची झाली," कल्याण म्हणाला आणि त्याने फोन लावला. पण तो संघपाल मिस्त्रींना.

मिस्त्रींचा आवाज फोनमधून आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "तूप? डिस्कला? आबा, जिलब्या तळायच्या व्हत्या का चाकात?" मग त्यांनी नीट सांगितलं. तूप प्यालेले पॅड पुन्हा उपयोगाचे नाहीत, दोन्ही चाकांचे नवे घाला. तबकडी आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग ब्रेक साफ करायचा फवारा मारून कोऱ्या फडक्याने पुसा. बोटसुद्धा लावू नका.

कल्याण रिक्षा करून जुन्या जालन्यात गेला आणि पॅड, फवारा घेऊन आला. मैदानाबाहेरच्या एका झाडाखाली त्याने स्वतः जॅक लावला. मीनाने तबकडी धुतली, पुसली, पुन्हा पुसली. रखमाजींनी चाकाचे सगळे नट आपल्या फेट्यात गोळा करून मांडीवर धरले, एकही हरवू नये म्हणून. तासभर ते तसेच बसून होते. कल्याणने एकेक नट मागितला की ते धोतराला पुसून त्याच्या हातावर ठेवत.

पावणेचारला साहेब पुन्हा माझ्यात बसले. वेग घेतला. ब्रेक दाबला. मित्रांनो, मी आजवर अनेकदा थांबले आहे, पण तशी कधी थांबले नव्हते. साहेब उतरले आणि कागदावर सही करताना रखमाजींना म्हणाले, "बाबा, आता पाच वर्षं हिला उपास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीनाने काटा माझ्या डिकीत ठेवला, गावांचा कागद पुन्हा काचेसमोर लावला आणि आम्ही लांबच्या वस्तीवर गेलो.

त्यानंतर रखमाजी एक आठवडा माझ्या जवळ आले नाहीत. पहाटे गोठ्याच्या दारात उभे राहत आणि तिथूनच परतत. शेवटी मीनानेच त्यांना हाताला धरून आणलं, माझं झाकण उघडलं आणि एकेक गोष्ट दाखवली. इथे तेल बघायचं. ही पट्टी इथवर ओली पाहिजे. इथे कूलंट. चाकाची हवा अशी मोजायची. दाराचे कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, कुरकुरतात, त्यांना तेल चालतं, हवं तेवढं. आणि इथे, ह्या तबकडीला, कधीच नाही. रखमाजींनी लहान मुलासारखं सगळं दोनदा विचारून घेतलं. आता दर रविवारी ते माझी तपासणी करतात आणि मीना निघण्याआधी तिला सांगतात, "आज बराबर हाय. जा."

यंदा खांदेमळणीच्या संध्याकाळी ते वाटी घेऊन आले, तेव्हा वाटीत तेल होतं. त्यांनी माझे पाचही दरवाजे उघडले, प्रत्येक कब्ज्याला बोटाने तेल लावलं आणि प्रत्येक दार चार वेळा उघडून मिटून बघितलं. साळूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "सापडला का खांदा?"

"एक न्हाई, पाच सापडले," ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी तरी असेल. एखादी जुनी सायकल, शिलाईचं यंत्र, आजोबांचा पंप, नाही तर माझ्यासारखी एखादी गाडी. त्याला नटवण्याआधी त्याला काय हवं ते बघा. त्याच्यावर माया करा, खूप करा, पण आधी जाणत्याला विचारा की हात कुठे ठेवायचा आणि कुठे ठेवायचा नाही. आणि चूक झालीच, तर रखमाजींसारखं पिवळं बोट सगळ्यांसमोर धरायला लाजू नका. त्यांनी ते धरलं, म्हणून आज मी तुमच्याशी बोलते आहे, आणि एका वस्तीवरची मुलं आत्ता रस्त्याकडे बघत माझी वाट पाहत आहेत.